शंभर डॉलर लागले, तर राज्याला किती?

विधेयक माझ्याकडे आलं तो मंगळवार होता आणि समितीपुढची सुनावणी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. हातात नऊ दिवस. विधेयक अवघं अकरा पानांचं. रेसकोर्सच्या बाहेर, शहरांतल्या परवानाधारक जागांमध्ये, दुसरीकडच्या घोड्यांच्या शर्यती पडद्यावर दाखवून त्यांवर पैसे लावून घ्यायला परवानगी द्यावी, एवढीच मागणी. अमेरिकेत याला ऑफ-ट्रॅक बेटिंग म्हणतात. बोलताना नुसतं ओटीबी.

मी मध्यपश्चिम अमेरिकेतल्या एका राज्यात विधिमंडळाच्या वित्त कार्यालयात काम करते. राज्याच्या तिजोरीला हात लावणारं कुठलंही विधेयक समितीपुढे जाण्याआधी आमच्याकडे येतं आणि आम्ही त्याची ‘फिस्कल नोट’ लिहितो. दोन-तीन पानं. महसूल किती वाढेल, खर्च किती वाढेल, कुठल्या निधीत, कुठल्या आर्थिक वर्षात. विधेयक चांगलं की वाईट हे आम्ही लिहीत नाही आणि लिहूही नये. राज्याचं नाव आणि विधेयकाचा क्रमांक इथे देत नाही. आकडेही गोल करून दिले आहेत, प्रमाण मात्र खरं ठेवलंय.

विधेयकाबरोबर एका सल्लागार कंपनीचा गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल होता. तो विधेयकाच्या बाजूच्या मंडळींनीच करून घेतलेला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात : वर्षाला दहा कोटी डॉलर. बुधवारी सकाळी ऑफिसला जाताना गाडीत रेडिओ लावला तर बातमीत तेच, ‘राज्याला दहा कोटी मिळणार.’ मी गाडी पार्क करेपर्यंत तो आकडा शहरभर झाला होता.

दहा कोटी ही होती उलाढाल. लोक वर्षभरात एकूण किती पैसे लावतील, त्याची बेरीज. इंग्रजीत त्याला हँडल म्हणतात. राज्याच्या हाती त्यातलं काय येतं हा पूर्ण वेगळा प्रश्न, आणि पुढचे नऊ दिवस मी तोच सोडवत होते.

रेसचा हिशोब मला मुळात ठाऊक होता तो मामामुळे. मामा पुण्याचा. पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू झाला की शनिवार-रविवारी तो कॅम्पातल्या रेसकोर्सवर असायचा. हिवाळ्यात महालक्ष्मीला रेस असली की पुण्यातच पडद्यावर बघून पैसे लावायचे. म्हणजे ऑफ-ट्रॅक बेटिंग हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी मी ते पाहिलं होतं. टोट म्हणजे काय हे त्यानेच वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने मांडून दाखवलं होतं. सगळ्यांचे पैसे एका भांड्यात पडतात, क्लब आणि सरकार आपापला वाटा आधीच काढून घेतात, आणि उरलेलं जिंकणाऱ्यांमध्ये वाटलं जातं. घोडा कुठलाही जिंको, वरचा वाटा ठरलेला. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधली, म्हणून अमेरिकेतही तिला अजून फ्रेंच नावानेच ओळखतात, पॅरी-म्युच्युएल.

तर शंभर डॉलरचं भांडं घेऊ. अमेरिकेत विन-प्लेसच्या, म्हणजे घोडा पहिला किंवा पहिल्या दोनांत येईल अशा साध्या बेटवर वरची कपात साधारण सोळा ते वीस टक्के, आणि एकाहून जास्त घोडे किंवा शर्यती जुळवायच्या बेटवर वीसच्या वर, कधी पंचवीस. सरसकट वीस धरले. ऐंशी डॉलर खेळणाऱ्यांकडे परत गेले. उरलेल्या वीसमधून ज्या रेसकोर्सवर शर्यत झाली त्याला सिग्नलचे, म्हणजे शर्यत पडद्यावर दाखवण्याचे, पैसे द्यायचे. टोटची यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीला द्यायचे. हॉलचं भाडं, वीज, माणसं. मग आपल्या राज्यातल्या शर्यतींच्या बक्षिसांचा निधी, आणि घोड्यांची पैदास करणाऱ्यांचा निधी. हे सगळं झाल्यावर आमच्या विधेयकात राज्याचा वाटा होता दीड डॉलर.

दहा कोटींवर दीड टक्का म्हणजे पंधरा लाख. बुधवारी दुपारी बारा वाजेपर्यंत रेडिओवरच्या दहा कोटींचे पंधरा लाख झाले होते, आणि खरं काम अजून सुरूही व्हायचं होतं.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. जिंकलेल्या दोन डॉलरच्या तिकिटावर हिशोबाने ७ डॉलर ३८ सेंट येत असतील तर खिडकीवर ७ डॉलर २० सेंट मिळतात. डॉलरमागचा भाव दहा सेंटांच्या पटीत खाली आणायचा हा जुना नियम. वरचे अठरा सेंट भांड्यातच राहतात, त्याला ब्रेकेज म्हणतात. केंटकी राज्याने २०२२ मध्ये हे बंद करून शेवटच्या सेंटपर्यंत पैसे द्यायचा कायदा केला. पण आमच्याकडे जुनीच रीत. वर्षभरात या चिल्लरीची रक्कम लाखांत जाते. तशीच लोक खिशात विसरलेल्या, कधीच न वटवलेल्या तिकिटांची. मी दोन्ही राज्याच्या सर्वसाधारण निधीत धरून चालले होते. रात्री नवव्या पानावरचं एक उपकलम पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की दोन्ही पैदास-निधीकडे जातात. तो निधी राज्याच्या पुस्तकात दिसतो, पण त्यातून शाळेला किंवा रस्त्याला एक डॉलर देता येत नाही. नोटमध्ये तो वेगळ्या रकान्यात गेला.

गुरुवारी मी इतिहास वाचला. न्यूयॉर्कचं उदाहरण या विषयात टाळताच येत नाही. तिथे १९७० मध्ये कायदा झाला आणि ८ एप्रिल १९७१ ला न्यूयॉर्क शहराची स्वतःची ओटीबी सुरू झाली. सरकारने स्वतः खिडकी उघडून रेसचे पैसे घ्यायचे. हेतू दोन : शहराला महसूल मिळावा आणि गल्लोगल्लीच्या बेकायदा बुकींचा धंदा बसावा. पुढे जिंकलेल्या रकमेवर पाच टक्के अधिभारही लावला. २००८ मध्ये राज्याने ती संस्था शहराकडून स्वतःकडे घेतली, २००९ च्या डिसेंबरात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ७ डिसेंबर २०१० ला सगळ्या खिडक्या कायमच्या बंद झाल्या. लोक पैसे लावत नव्हते असं मुळीच नव्हतं. उलाढाल शेवटपर्यंत प्रचंड होती. पण रेसिंगवाल्यांचे आणि सरकारचे वाटे उलाढालीवर ठरलेले, ते आधी जायचे, आणि चालवण्याच्या खर्चाला पुरेसं मागे राहत नव्हतं. शेकडो माणसांच्या नोकऱ्या एका रात्रीत गेल्या. मी ते वाचत असताना माझ्या टेबलावर ‘नवे रोजगार’ या मथळ्याचं सल्लागारांचं पान उघडं होतं. ते मिटून मी बाजूला ठेवलं.

दुसरं उदाहरण मिनेसोटाचं. ते फार महत्त्वाचं, आणि वाचतं कोणी नाही. तिथे १९८२ मध्ये घटनादुरुस्ती करून रेसच्या बेटिंगला परवानगी दिली, पण शब्द होते ‘ऑन-ट्रॅक’. पुढे विधिमंडळाने रेसकोर्सबाहेरच्या केंद्रांसाठी कायदा केला, तो १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या त्याच दोन शब्दांवर बोट ठेवून रद्द केला. मग १९९४ मध्ये पुन्हा घटनादुरुस्ती मतदारांपुढे ठेवली, ती मतदारांनी नाकारली. म्हणून मी आधी आमच्या राज्याच्या घटनेतलं ते कलम काढून पाहिलं आणि कायदा विभागातल्या सहकाऱ्याला दाखवलं. आमच्याकडे शब्द मोकळे होते. नसते तर नोटची सुरुवातच मतदानाच्या खर्चाने झाली असती, आणि महसूल दोन वर्षं पुढे गेला असता.

शिवाय अमेरिकेच्या केंद्र सरकारचा १९७८ चा आंतरराज्य घोडेशर्यत कायदा आहे. दुसऱ्या राज्यातल्या शर्यतीवर बेट घ्यायची तर त्या रेसकोर्सची, तिथल्या रेसिंग आयोगाची आणि आपल्या आयोगाची संमती लागते. साठ मैलांच्या आत चालू असलेलं रेसकोर्स असेल तर त्यांचीही. आमच्या प्रस्तावित केंद्रांपैकी दोन या साठ मैलांच्या आत येत होती. संमती फुकट मिळत नाही. ते पैसे त्याच वीस डॉलरमधून जाणार होते.

शनिवारी मी गाडी काढून शेजारच्या राज्यात गेले. हे कोणी सांगितलं नव्हतं. पण आमच्या सरहद्दीपासून वीस मिनिटांवर तिथे एक ओटीबीचा हॉल आहे आणि मला तिथला पार्किंग लॉट बघायचा होता. फेब्रुवारीची थंडी, बर्फ बाजूला सारून केलेले ढीग, त्यावर मीठ. मी वही घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले आणि नंबरप्लेटी मोजल्या. ८४ गाड्या. त्यातल्या ३१ आमच्या राज्याच्या. सुरक्षारक्षक जवळ आला तेव्हा ओळखपत्र दाखवून काय करते आहे ते सांगितलं. तो म्हणाला, डर्बीच्या दिवशी या, तेव्हा निम्म्या तुमच्याच असतात. केंटकी डर्बी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी. एका दिवसावरून वर्षाचा अंदाज बांधू नये, म्हणून बुधवारी दुपारी पुन्हा गेले : ४२ पैकी १७.

आत गेले. बहुतेक माणसं साठीच्या पुढची, बहुतेक पुरुष. प्रत्येकापुढे शर्यतींचं छापील पुस्तक, बारीक अक्षरांत घोड्यांच्या मागच्या शर्यती, आणि बॉलपेनने केलेल्या खुणा. आरडाओरडा फार नाही. शर्यतीच्या शेवटच्या पाऊण मिनिटात खुर्च्या सरकतात, दोन-चार जण घोड्याचा नंबर पुटपुटतात, मग कागद फाटल्याचा आवाज. भिंतीला लावलेल्या यंत्रांवर वीस-वीसच्या नोटा आत जात होत्या. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी लावलेल्या प्रत्येक बेटची नोंद लहान वहीत ठेवली होती, तारीखवार, रेघा मारून, जिंकलेलं हिरव्या शाईत. हिरवं अधूनमधून दिसत होतं. त्यांना विचारलं, आमच्या गावात असा हॉल निघाला तर? ते आमच्याच राज्याचे निघाले. म्हणाले, पेट्रोल वाचेल. जास्त लावाल का? थोडा विचार करून म्हणाले, ‘माझ्याकडे आठवड्याला रेससाठी जेवढे असतात तेवढेच असतात.’

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. अंदाजपत्रकाच्या भाषेत या एका वाक्याला चार तक्ते लागतात.

सोमवारी वरिष्ठांना पहिला मसुदा दाखवला. त्यांनी तो खालून वर वाचला, ती त्यांची पद्धत, आणि एकच प्रश्न केला : ‘या दहा कोटींतले आपल्याच रेसकोर्सवरून उठून किती येणार?’ मी तो भाग धरलाच नव्हता. आमच्या राज्यात एक रेसकोर्स आहे, तिथे वर्षभर पडद्यावर बाहेरच्या शर्यती दाखवून बेट घेतात आणि राज्याला त्यावर एक टक्का मिळतो. गावात हॉल निघाला की तिथला नेहमीचा माणूस पन्नास मैल गाडी हाकत जाणार नाही. त्याच्या बेटवर राज्याला दीड मिळेल खरं, पण आधीचा एक गेला. वाढ अर्ध्या टक्क्याची. माझी चूक सरळ होती आणि मोठी होती. मी घरी जाऊन पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली.

ती मांडणी अशी. दहा कोटींपैकी चार कोटी आपल्याच रेसकोर्सवरून सरकणारे : निव्वळ वाढ दोन लाख. अडीच कोटी आज शेजारच्या राज्यात किंवा बाहेरच्या कंपन्यांच्या फोनवरच्या खात्यांत जाणारे, ज्यावर आम्हाला आज काहीच मिळत नाही : पावणेचार लाख. उरलेले साडेतीन कोटी नव्याने लागणारे : सव्वापाच लाख. बेरीज अकरा लाख. नंबरप्लेटी मोजल्या होत्या त्या या मधल्या ओळीसाठी.

मग नव्या साडेतीन कोटींचा दुसऱ्या अंगाचा हिशोब. त्यातला पाचवा हिस्सा, सत्तर लाख, लोक हरणार. ते सत्तर लाख आभाळातून येत नाहीत. इथे मला मामी आठवली. रेसच्या सोमवारी सकाळी दूधवाला बिल घेऊन आला की मामी दाराशीच म्हणायची, ‘भाऊ, गुरुवारी या.’ मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू असायचा, आणि ती मागे वळून बघायची मामा ऐकतोय का. रेसवर गेलेला पैसा घरातल्या कुठल्या तरी दुसऱ्या ओळीतून गेलेला असतो हे मी तेव्हाच पाहिलं होतं. इथे ती ओळ म्हणजे हॉटेलातलं जेवण, कपडे, सिनेमा. सत्तर लाखांतले चाळीस टक्के विक्रीकर लागणाऱ्या खरेदीतून आले असं धरलं आणि सहा टक्के दराने पाहिलं तर राज्याचा एक लाख अडुसष्ट हजारांचा विक्रीकर बुडतो. राहिले सव्वानऊ लाख.

खर्च : रेसिंग आयोगाला परवाने तपासायला, टोटचे हिशोब पडताळायला, नियम लिहायला माणसं लागणार. जुगाराचं व्यसन लागलेल्यांसाठीची मदतसेवा आहे, तिच्यावरचा ताण वाढणार. मिळून साडेचार लाख. उरले पावणेपाच लाख.

आणि मग लॉटरी. मंगळवारी रात्री अकरा वाजता मी ही ओळ लिहिली आणि बराच वेळ स्क्रीनकडे पाहत बसले. राज्याची स्वतःची लॉटरी आहे. शंभर डॉलरची तिकिटं विकली की साधारण साठ-पासष्ट बक्षिसांत जातात आणि पंचवीस-तीस राज्याकडे राहतात. म्हणजे माणूस लॉटरीत एक डॉलर हरतो तेव्हा त्यातले सत्तर सेंट राज्याला मिळतात. रेसमध्ये एक डॉलर हरतो तेव्हा राज्याला मिळतात साडेसात सेंट. आता त्या हरलेल्या सत्तर लाखांतला फक्त दहावा हिस्सा, सात लाख, लॉटरीच्या तिकिटांऐवजी रेसकडे वळला असं धरा. राज्याचं नुकसान चार लाख नव्वद हजार. पावणेपाच लाख सगळेच्या सगळे पुसले गेले.

मी सूत्रं तीनदा तपासली. चूक नव्हती. दहा कोटींचं विधेयक राज्याच्या तिजोरीसाठी शून्याच्या आसपास येऊन उभं राहिलं होतं. पहिल्या वर्षी तर नक्की वजा, कारण आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं, आयोगाची माणसं तेव्हाच घ्यावी लागणार, आणि नियम होऊन पहिला हॉल उघडेपर्यंत पुढचा वसंत येणार.

आणखीही प्रश्न होते, त्यांवर मी भराभर निर्णय घेतले. देशभरातल्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीच्या घोड्यांच्या, शर्यतींवरची उलाढाल २००३ मध्ये पंधरा अब्ज डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ती सव्वाअकरा अब्जांच्या घरात आली. महागाई धरली तर घसरण आणखी मोठी. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या बेटिंगची केंद्रीय बंदी उठवल्यापासून तरुण माणूस फोनवर फुटबॉलकडे गेला आहे. म्हणून सल्लागारांनी दरवर्षी धरलेली चार टक्के वाढ मी काढून टाकली. जिंकणाऱ्यांच्या आयकरातून येणारी भरही शून्य धरली.

बुधवारी दुपारी, शेजारच्या राज्यातून परतले तशी, एका बैठकीला बोलावणं आलं. कोण होतं ते लिहीत नाही. विधेयकाच्या बाजूचे लोक होते आणि नम्रपणे बोलत होते. त्यांचं म्हणणं, लॉटरीची ओळ काढा, कारण दहा टक्के हा आकडा सिद्ध झालेला नाही. बरोबर आहे, सिद्ध झालेला नाही. शून्य टक्केसुद्धा सिद्ध झालेला नाही. कुठलीही ओळ न लिहिणं म्हणजे शून्य लिहिणंच आहे, फक्त वाचणाऱ्याला ते दिसत नाही. हे मी त्यांना सांगितलं. माझा आवाज थोडा चढला असेल. मग त्यांनी मधला रस्ता सुचवला, की नोटमध्ये ‘अंदाज करता येत नाही’ एवढंच लिहा. तो पर्याय नियमात बसतो आणि आमच्या धंद्यात अनेकदा वापरला जातो. पण नऊ दिवस काम करून जे समजलं होतं ते त्या चार शब्दांखाली गाडून टाकायला मी तयार नव्हते. आमदारांनी रेडिओवरचे दहा कोटी डोक्यात ठेवून मत दिलं असतं.

त्या रात्री मामाला फोन लावला. पुण्यात सकाळ. तो आता ऐंशीचा आहे, रेसकोर्सला जाणं थांबलंय, पण विषय काढला की आवाज ताठ होतो. मी कर वाढवण्याबद्दल विचारत होते, कारण बैठकीत एकाने दीडऐवजी पाच टक्के घेऊ असंही सुचवलं होतं.

‘अगं, आमच्याकडे बघ ना,’ मामा म्हणाला. ‘जीएसटी आला आणि अठ्ठावीस टक्के. नफ्यावर नव्हे, लावलेल्या पैशावर. आता चाळीस. शंभर लावायचे तर चाळीस आधी सरकारला.’

‘मग लोकांनी रेस सोडली का, मामा?’

‘रेस कोण सोडतंय? खिडकी सोडली. बुकीचा फोन आहे की. तो कर मागत नाही.’

भारतात बेटिंग आणि जुगार हा राज्यसूचीतला विषय. मुंबई प्रांताच्या १९२५ च्या बेटिंग टॅक्स कायद्यापासून आपल्याकडे हा कर राज्याचा होता. १ जुलै २०१७ ला तो जीएसटीत गेला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर चाळीस टक्के. अमेरिकेतली वरची सगळी कपात मिळून वीस, आणि आपल्याकडे नुसता कर चाळीस. टोटवर खेळणारा माणूस परतावा बघतो. भांड्यातून जास्त काढलं की तो दुसरं भांडं शोधतो, आणि बेकायदा बुकी कायम तयार असतो. न्यूयॉर्कचा पाच टक्के अधिभारही याच जातीचा. मी पाच टक्क्यांच्या पर्यायाला वेगळा परिच्छेद दिला आणि त्यात उलाढाल घटेल असं स्पष्ट धरलं. मामाचं नाव अर्थातच नोटमध्ये नाही.

शेवटी नोटमध्ये मी एक आकडा न देता पट्टा दिला. पूर्ण वर्षात राज्याच्या सर्वसाधारण निधीवर परिणाम : शून्याच्या आसपास ते वर्षाला पावणेपाच लाख वाढ. पहिल्या वर्षी घट. खाली लॉटरीची ओळ वेगळी, आणि किती टक्के वळले तर फायदा संपतो तेही लिहिलं. वरिष्ठांनी खालून वर वाचून सही केली.

गुरुवारी सुनावणीत आधी घोड्यांची पैदास करणाऱ्या एका शेतकरी बाईंची साक्ष झाली. त्या तिसऱ्या पिढीच्या. राज्यातल्या शर्यतींची बक्षिसं लहान होत गेली, मालक घोडे बाहेर पाठवायला लागले, त्यांच्या तबेल्यात कधी चाळीस घोड्या होत्या आता नऊ. त्यांना या विधेयकातून बक्षीस-निधीला पैसे हवे होते आणि ती मागणी प्रामाणिक होती. माझ्या नोटमध्ये तो निधी वाढतो हे स्पष्ट लिहिलेलं होतं. मला त्यांच्याविरुद्ध काहीच म्हणायचं नव्हतं. तिजोरी आणि तबेला या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या होत्या, त्या मी सोडवून वेगळ्या ठेवल्या.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, दहा कोटी मिळणार की नाही, एका शब्दात. मी म्हटलं, नाही. दुसऱ्या बाजूच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी लॉटरीच्या ओळीवर बोट ठेवलं. हा दहा टक्क्यांचा अंदाज आला कुठून? मी सांगितलं, हा अंदाज नाही, ही मर्यादा आहे. दहातला एक डॉलर लॉटरीतून आला तर राज्याला काही उरत नाही, आणि दहातला एक फार मोठा वाटत नाही, म्हणून तो तुमच्यासमोर असायला हवा. त्यांनी ती ओळ स्वतःच्या कागदावर पेनाने उतरवून घेतली. विधेयक दुसऱ्या समितीकडे गेलं आणि अधिवेशन संपेपर्यंत तिथेच राहिलं.

मे महिन्यात, डर्बीच्या शनिवारी, मी त्या हॉलच्या बाजूने जात होते. गाडी आत घेतली. गवत हिरवं झालं होतं, पार्किंग पूर्ण भरलेलं, लोक रस्त्याच्या कडेला गाड्या लावून चालत येत होते. तोच सुरक्षारक्षक होता, त्याने हात केला. २१६ गाड्या, त्यातल्या ९७ आमच्या. वही गाडीतच असते. तारीख घालून लिहून ठेवलं. पुढच्या अधिवेशनात विधेयक पुन्हा येणार आहे.